रिकाम्या थडग्याचा धनी

"बाहत्तराव्या वर्षी मला बहीण मिळाली! लोकांना म्हातारपणी गुडघेदुखी मिळते, मला बहीण!"

इनास ओटीवरच्या खाटेवर कूस बदलत पुटपुटत होता. पुटपुटणं असं की माणूस आपला स्वतःशीच बोलतोय असं वाटावं आणि आतल्या खोलीत मात्र शब्दन् शब्द पोचावा. आतल्या खोलीत फिलोमिना दुपारची जरा आडवी झाली होती. दोघांच्या मध्ये एक पातळ भिंत आणि एक चर्चचा हुकूम.

"अहो, झोपा की," ती आतून म्हणाली. "बहिणीला त्रास देऊ नये."

"खाट टोचते."

"भावांना टोचतेच."

बाहेर खाट करकरली. मग पुन्हा, "आणि बहीण घोरते!"

फिलोमिनानं उशी तोंडावर दाबली. हसू बाहेर ऐकू गेलं असतं तर इनासला चेव चढला असता आणि दुपार गेली असती.

हुकूम तसा सौम्य शब्दांत आला होता. फादर अँब्रोज स्वतः घरी आले, चहा घेतला, वाळवलेल्या केळ्याची सुकेळी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग बशीकडे बघत म्हणाले की कैतान मेला होता की नव्हता, याचा निर्णय धर्मप्रांताचं न्यायमंडळ करेपर्यंत फिलोमिना आणि इनास यांनी भाऊ-बहिणीसारखं राहावं.

"म्हणजे नेमकं काय बंद करायचं, फादर?" इनासनं इतक्या निरागसपणे विचारलं की फिलोमिनाला त्याच्या पायावर पाय द्यावा लागला. "आमचं सगळ्यात मोठं पाप म्हणजे एकमेकांच्या कमरेला मलम चोळणं."

फादरांचे कान लाल झाले. चाळिशीही न गाठलेला माणूस, त्याला असले प्रश्न सेमिनरीत कुणी शिकवलेले नव्हते. "मलम चालेल," ते म्हणाले आणि तिसरी सुकेळी घेतली.

आता कैतान कोण, ते सांगायला हवं.

कैतान हा फिलोमिनाचा पहिला नवरा. सांतूवाडीतला केळी बागायतदार, हसरा, भांडकुदळ, चर्चच्या बँडमधला ढोलवाला. तेहतिसाव्या वर्षी भर सकाळी केळीच्या बागेत त्याचं हृदय थांबलं. त्याच्या हृदयाला जन्मापासूनच एक दोष होता आणि त्या काळी त्यावर इलाज नव्हता. पण त्याच सुमारास काचनिद्रेचे पहिले प्रयोग चालू झाले होते.

काचनिद्रा म्हणजे काय, हे त्या वेळी ते प्रयोग करणाऱ्या केंद्राच्या लोकांनी फिलोमिनाला टोमॅटोवरून समजावलं होतं. टोमॅटो गोठवला आणि पुन्हा बाहेर काढला तर त्याचा लगदा होतो, कारण आतल्या पाण्याचं बर्फ होताना त्याच्या बारीक सुया होतात आणि त्या सुया आतून सगळं फाडतात. माणसाचंही तसंच. म्हणून शरीरातलं रक्त काढून त्या जागी असा द्रव सोडायचा, जो थंड झाला की बर्फ होत नाही, काच होतो. काचेत सुया नसतात. माणूस जसा होता तसा राहतो, पेशीन् पेशी, मेंदूतल्या आठवणींच्या गाठीसुद्धा जिथल्या तिथे. जेव्हा इलाज सापडेल तेव्हा काच वितळवायची. "पाच-सात वर्षांचा प्रश्न आहे," तिथला तरुण अधिकारी म्हणाला होता. एकतीस वर्षांच्या, कडेवर पोर असलेल्या फिलोमिनानं सही केली. पाच-सात वर्षांची अडतीस झाली. असल्या लोकांचं गणित कच्चं असतं की काळीज, कोण जाणे.

मधल्या काळात गावानं आपल्या पद्धतीनं निकाल लावला होता. तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, श्वास थांबला, हृदय थांबलं, आत्मा देवाकडे गेला. काचेत ठेवलंय ते रिकामं मडकं. त्यांनी मृतासाठीची मिस्सा केली, दफनभूमीत एका रिकाम्या खड्ड्यावर कैतानच्या नावाचा क्रूस उभा केला. फिलोमिना वर्षभर काळ्या कपड्यांत वावरली. पुढे काही वर्षांनी, त्याच चर्चमध्ये, तिनं कैतानच्या जिवलग मित्राशी, बँडमधल्या कॉर्नेटवाल्या इनासशी लग्न केलं. कुणी हरकत घेतली नाही. लग्नाचं वचन मरेपर्यंतचं असतं, आणि मरण तर झालेलं होतं.

आणि मग या वर्षी केंद्रातून फोन आला, की नवं हृदय वाढवून तयार आहे, काच वितळवतोय.

*

पहिल्यांदा केंद्रात गेले ते फिलोमिना आणि फादर अँब्रोज. इनास म्हणाला, "मी येत नाही. मी मध्ये उभा राहून काय सांगू, 'उठ बाबा, तुझी बायको माझ्याकडे आहे'?"

डॉ. ईशानी केळुसकर बारीक चणीची, बोलताना हात हलवणारी बाई. कैतान अजून बेशुद्ध होता. काचेच्या पलीकडे त्याची छाती वरखाली होत होती. फिलोमिनानं एकदाच तिकडे पाहिलं आणि मग बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहत बसली. तिच्या नातवापेक्षा फार मोठा दिसत नव्हता तो.

"डॉक्टर, मला एकच सांगा," फादर म्हणाले. "हा माणूस मेला होता का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्वी श्वास थांबला की मेला म्हणत. मग हृदय थांबलं की. मग मेंदू थांबला की. प्रत्येक वेळी आम्ही थांबलेलं काहीतरी पुन्हा चालू केलं, आणि मरणाची रेघ पुढे सरकवली. आता व्याख्या सरळ आहे. जे परत फिरवता येत नाही ते मरण. जे फिरवता आलं ते मरण नव्हतंच. कायद्यातही तसंच आहे."

"म्हणजे माणूस मेलाय की नाही, हे तो परत येतो की नाही यावरून ठरणार?"

"हो."

"मग तोवर?"

"तोवर तो थांबलेला."

फादरांनी कपाळ चोळलं. "आमच्याकडे रेघ सरकत नाही हो. माणूस मरतो, आत्मा शरीर सोडतो आणि त्याच क्षणी देवासमोर उभा राहतो. तिथे त्याचा न्याय होतो. मग कुणी स्वर्गात, कुणी शुद्धिस्थानात डाग धुवायला, आणि कुणी, देव न करो, तिसरीकडे. जगाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून अंतिम न्याय होतो तो वेगळा. पण पहिला न्याय एकदाच. त्यात फेरपरीक्षा नाही."

"मग त्यालाच विचारा की, उठल्यावर. न्याय झाला का म्हणून."

"तेच विचारणार आहोत."

"उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचे हात थांबले. "आठवण म्हणजे मेंदूनं काढलेली नोंद असते. अडतीस वर्षं त्याचा मेंदू काच होता. समजा तो खरंच देवासमोर उभा राहिला असेल. समजा सगळं पाहून आला असेल. तरी ते लिहून घ्यायला इथे कुणीच हजर नव्हतं. तो उठेल आणि म्हणेल, मी डोळे मिटले आणि उघडले. ते दोन्ही बाजूंनी खरं असू शकतं. विज्ञान यात तुम्हाला काहीही सांगू शकणार नाही."

"येशूनं मरून चार दिवस झालेल्या माणसाला कबरीतून हाक मारून बाहेर बोलावलं होतं," फादर हळूच म्हणाले. "तो तिथलं काय सांगत आला, हे कुणीही लिहून ठेवलेलं नाही. लहानपणापासून मला वाटायचं, लिहिणारे विसरले."

फिलोमिनानं चपलांवरून नजर उचलली. ती म्हणाली, "फादर, मी याच्यासाठी दर वर्षी मिस्सा दिली. शुद्धिस्थानातून लवकर सुटावा म्हणून. हा तिथे नव्हताच म्हटलं तर त्या सगळ्या मिस्सा गेल्या कुठे?"

फादरांनी जरा विचार केला. "देवाकडे काही वाया जात नाही. कुणा बेवारशी आत्म्याला लागल्या असतील."

"कुणीतरी परकाच सुटला म्हणायचा माझ्या जिवावर," फिलोमिना म्हणाली, आणि काचेपलीकडे बघून, का कुणास ठाऊक, तिला खुदकन हसू आलं.

*

कैतान घरी आला त्या दिवशी सगळी सांतूवाडी समुद्राच्या भिंतीपर्यंत सामोरी गेली. बँड तर हवाच. पण बँडपुढे मोठा पेच. लग्नाला काय वाजवायचं ते ठाऊक, मयताला काय वाजवायचं ते ठाऊक. परत आलेल्याला काय वाजवायचं? पोरांनी इनासकडे पाहिलं. बँडमधला सगळ्यात जुना माणूस तोच. आणि गाडीचं दार उघडून कैतान खाली उतरला, तोच, तसाच, केस कपाळावर आलेले, तशी इनासनं भान हरपून कॉर्नेट तोंडाला लावला आणि नवरदेव चर्चमधून बाहेर पडताना वाजवतात ती धून सुरू केली. मागून सगळ्या बँडनं उचलली. अर्ध्या वाटेवर इनासच्या लक्षात आलं की आपण आपल्याच बायकोच्या नवऱ्याची वरात काढतोय. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास पुरत नव्हता, पण त्यानं धून अर्धी सोडली नाही.

"इनास्या!" कैताननं त्याला मिठी मारली. "केवढा म्हातारा झालास रे! आणि अजून वरचा सूर चुकतोस!"

मग इझाबेल पुढे आली. कैतान गेला तेव्हा तीन वर्षांची, आता चाळिशी ओलांडलेली, शाळेची मुख्याध्यापिका. बापाला आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, "बाबा, उन्हात टोपी घालत जा. आजारातून उठलायस." कैताननं तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "हो बाई." बाप धाकटा आणि लेक थोरली, तेव्हापासून दोघांचं छान जमलं. राहायलाही तो तिच्याकडेच गेला.

आणि फिलोमिना? तिच्यासमोर तो आला, थांबला, आणि बघतच राहिला. तिनं पदर सारखा केला. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला लाज वाटावी असं बघत होता.

"फिलू," तो म्हणाला, "कालच्या भांडणाबद्दल माफ कर. चूक माझीच होती."

"कुठलं काल?"

"काल संध्याकाळी नाही का. तू जेवली नाहीस."

फिलोमिनानं डोळे मिटून खूप शोधलं. लग्नातलं सगळं आठवत होतं, इझाचा जन्म आठवत होता. ते भांडण मात्र कुठेच सापडेना. "माफ केलं," ती म्हणाली, आणि तिला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीनं माफ करतोय.

*

पुढचे दिवस सांतूवाडीत नुसता आनंद होता आणि त्या आनंदात सगळे जपून पावलं टाकत होते. कैतान घरोघर जेवायला जाई. पाण्यावर तरंगणाऱ्या भाजीच्या वाफ्यांवर पोरासारखा उड्या मारी. "तू थांबलास तेव्हा," लोक म्हणत. "तू नव्हतास तेव्हा." "ते झालं त्या वर्षी." एक शब्द सगळेच गिळत होते. कारण तो शब्द उच्चारला की लगेच पुढचा प्रश्न आलाच, मग फिलोमिना कुणाची?

न्यायमंडळानं तिघांनाही बोलावलं होतं. कैतान सरळ म्हणाला, "मला ठाऊक नाही. डोळे मिटले, उघडले. देवाच्या बाबतीत मी खोटं कसं बोलू?" इनास म्हणाला, "मी काय सांगणार, माझा यात स्वार्थ आहे." आणि फिलोमिनाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला बाईला काय कळतं त्यातलं." न्यायमंडळातल्या फादरांना ते पटलं. अडतीस वर्षं बागायत एकटीनं चालवून, तीन दलालांना रडवलेल्या बाईचं वाक्य आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाडीत ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले.

एकदा सकाळी फिलोमिना अंगणात राजेळी केळी सोलत होती. सुकेळी करायची म्हणजे पिकलेली केळी सोलून गवताच्या चटईवर उन्हात मांडायची, दिवसभर परतायची, संध्याकाळी आत घ्यायची. कैतान येऊन समोर बसला आणि न विचारता सोलायला लागला.

"तुझे हात तेच आहेत," तो म्हणाला.

"डोळे तपासून घे. नवं हृदय घातलं तसे नवे डोळेही घालतील."

तो हसला नाही. "फिलू, फादर म्हणतात, मी मेलो नव्हतो म्हटलं तर तू माझी बायको. आणि इनासबरोबरचं तुझं लग्न म्हणजे लग्नच नव्हे. आणि मेलो होतो म्हटलं, तर माझा न्याय होऊन गेला. मग मी आता जे करीन ते कुठे धरायचं, हे त्यांनाही सांगता येत नाही. मी म्हटलं, म्हणजे मला सुट्टी? तर म्हणाले, तसं मी म्हटलेलं नाही."

"तू काय म्हणतोस?"

"मला तू हवीस," तो सहज म्हणाला, पाणी हवं म्हणावं तसं. "माझ्यासाठी दोनच महिने झालेत. मी घाई करून म्हातारा होईन. पण..." ओटीवरून खाट करकरली. इनास कॉर्नेट पुसत बसला होता आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड करून बसला होता. "पण तो वेडा माणूस अंगण झाडताना मला वाट देतो. स्वतःच्या घरात. तू एकदा काहीतरी बोल ना, फिलू."

फिलोमिनानं केळ परतलं. या पोरसवदा माणसाच्या तोंडावर ते कसं बोलायचं? त्यानं कुणाचं काय वाईट केलं होतं? मरणाच्या दारातून परत आलेल्याला, तू यायला नको होतास, असं ऐकू जाईल ते. आणि तसं नव्हतंच. तो आल्यापासून तिला रोज सकाळी उठावंसं वाटत होतं. "चटई ओढ जरा," ती म्हणाली. "सावली आली."

*

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस. त्या दिवशी सांतूवाडीची दफनभूमी लग्नघरासारखी असते. सकाळपासून थडगी धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, मेणबत्त्या मांडायच्या. पोरं धावतात, बायका गेलेल्यांच्या खोड्या सांगून हसतात. दिवस कलायला लागला की फादर रांगेरांगेनं पवित्र पाणी शिंपडत, प्रत्येक थडग्यापाशी मृतासाठी प्रार्थना म्हणत जातात.

कैतानचा क्रूस दर वर्षी इनास रंगवत असे. लग्नाआधीही आणि नंतरही. यंदाही त्यानं हाताच्या सवयीनं डबा-ब्रश नेला, पांढराशुभ्र रंगवला, नावावर काळा रंग फिरवला, आणि मग मागे सरून बघताना त्याला घाम फुटला.

"रंग चांगला बसलाय," मागून कैतान म्हणाला. त्याच्या हातात मेणबत्ती होती. "जागाही उत्तम निवडलीत. समुद्राकडे तोंड. मी जिवंतपणी मागितली असती तर दिली नसती कुणी."

लोक हसले, जरा जास्तच मोठ्यानं. फादर पाण्याचं भांडं घेऊन एकेक थडगं करत जवळ येत होते. गाणारी मंडळी मागे. शेजारच्या थडग्यावर पाणी पडलं. मग फादर कैतानच्या क्रूसासमोर आले, हात वर नेला, आणि तो तिथेच राहिला.

पाणी शिंपडावं, तर हा मेलेला. न शिंपडता पुढे जावं, तर हा कधी मेलाच नव्हता. न्यायमंडळाला जे दोन महिने ठरवता आलं नव्हतं ते आता या एका हाताच्या हालचालीवर आलं होतं. गाणं विरत गेलं. इझाबेल मेणबत्त्या नीट करायला लागली. त्या नीटच होत्या. इनासनं नखानं क्रूसावरचा रंगाचा ओघळ खरवडायला घेतला. बेनेडिक्टाबाई पुढे सरकल्या. त्यांचा नवरा चौथं वर्ष काचेत होता, आणि काळे कपडे घालायचे की नाही हेच त्यांना अजून कळलेलं नव्हतं. एका दिवशी काळे, एका दिवशी रंगीत, असं त्यांचं चाललं होतं. त्या फादरांच्या हाताकडे असं बघत होत्या की जणू ते पाणी त्यांच्याच अंगावर पडणार होतं.

"फिलू," कैतान म्हणाला. आवाजातली थट्टा गेली होती. "सगळे मलाच विचारतात. मी तर झोपलो होतो. जागी तू होतीस. काय झालं होतं त्या दिवशी?"

फिलोमिनानं त्याच्याकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच. केळीच्या बागेतली ओली माती. मांडीवर त्याचं डोकं, आणि हळूहळू निळी होत गेलेली नखं. 'बाबा कधी येणार' म्हणणारी इझा, आणि एक दिवस ते विचारायचं थांबलेली इझा. त्याच्या सदऱ्याचा वास, जो तिनं कपाट बंद ठेवून ठेवून पुरवला होता आणि तरी संपला. चर्चच्या सणाला इनासचा सूर चुकला आणि ती कितीतरी वर्षांनी खळखळून हसली, आणि हसल्याबद्दल घरी येऊन रडली. आणि मग ती साधीच सकाळ, जेव्हा चहा पिऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आज आपल्याला तो आठवलाच नाही. त्यानंतर रडणं आलं नव्हतं. संपलं होतं.

ती पुढे झाली. त्याच्या कपाळावर आलेले केस तिनं मागे सारले, इझाचे सारायची तसे, आणि ती हसत होती, डोळे भरून वाहत असतानाही हसत होती.

"तू आलास, मला किती बरं वाटलं रे, पोरा," ती म्हणाली. "तुझ्या आत काय झालं ते देवाला ठाऊक. डॉक्टरांची रेघ कुठे आहे ते डॉक्टरांना ठाऊक. पण मी तिथे होते. शिंपडा, फादर. माझा कैतान मेला होता. मी त्याला रडून रडून संपवला."